पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग: नोकरी सोडून रेग्युलर की नोकरी धरून इग्नू?

ग्रामीण रुग्णालय म्हणजे कागदावर ३० खाटा. रोवणीच्या दिवसांत साप चावलेले, तापाने फणफणलेले पेशंट दोन खाटांच्या मधल्या जागेतही झोपलेले असतात, पण मोजायची वेळ आली की खाटा तीसच. एम्सची नॉर्सेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, द्यायची तर जीएनएमवाल्याला (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्याला) किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक (जीएनएमनंतर करायची पदवी) झालेल्याला ही अट नाही. म्हणजे एम्स नागपुरात, मिहानला येऊन बसलं, पण पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या तीस खाटांवर काढलेल्या नाइट तिथे धरल्याच जात नाहीत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात असलेल्या जीएनएमचं पदवीवाचून एकवेळ चालून जाईल, आपलं नाही. त्यामुळे पदवी करावी की नाही यात मी शिरत नाही. कुठून करावी, तेवढंच बोलतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. "सर, ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग आहे, अटेंडन्सचं टेन्शन नाही, फक्त परीक्षेला या," असे फोन स्टाफमधल्या प्रत्येकाला येतात. यूजीसीच्या नियमांप्रमाणे नर्सिंगची पदवी ऑनलाइन देता येत नाही. नोकरीत असलेल्या जीएनएमसाठी इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक आहे, तोही दूरशिक्षणाचा. प्रात्यक्षिकांना स्वतः उभं राहावंच लागतं. फोनवरच्या माणसाला एकच विचारायचं, ही पदवी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदवून मिळेल का. तो लगेच हप्त्यांवर येतो. नोंद नाही तर त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही.

उरले दोन रस्ते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात दोन वर्षांचा रेग्युलर पोस्ट बेसिक, किंवा नोकरी चालू ठेवून इग्नूचा किमान तीन वर्षांचा. मी दुसरा केला. पण पहिल्याला कमी लेखण्यासारखं त्यात काही नाही, उलट शिक्षण म्हणून पाहिलं तर तोच उजवा असावा असं मला वाटतं.

रेग्युलरवाल्यांचं मोठं सुख म्हणजे क्लिनिकल पोस्टिंग. आमच्याकडे पेशंट गंभीर झाला की १०८ बोलवायची, रेफर चिठ्ठी लिहायची, सलाइन धरून गाडीपर्यंत जायचं. आपलं काम तिथे संपतं. पुढे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याचं काय होतं, व्हेंटिलेटरवर कसा घेतात, डायलिसिसला कधी लावतात, हे आपण कधी पाहत नाही. रेग्युलरवाले ते दोन वर्षं पाहतात. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स हे विषय त्यांना कुणीतरी फळ्यापुढे उभं राहून शिकवतं. स्टॅटिस्टिक्स एकट्याने वाचून समजत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पुढे एम.एस्सी. करून ट्यूटर व्हायचं डोक्यात असेल तर वर्गात बसलेल्याला ते सोपं जातं. आणि सेवेत कायम असलेल्या सिस्टरला अध्ययन रजा मंजूर होत असेल तर तिने पुढचं वाचायची गरजच नाही. तिने सरळ रेग्युलर करावं.

प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे, एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटावरच्यांचा. दोन वर्षं पगार बंद, वरून फी, वरून नागपुरातली खोली. हे गणित ज्याने त्याने आपल्या घरचं पाहून करावं, मी त्यात बोलत नाही. पण सेवेच्या खंडाचं मात्र पाहा. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. तो अमलात आणा म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये राज्यभर संप झाला. ते पुढे कसं आणि कधी होईल ते होवो. सात-आठ वर्षं भरलेल्या माणसाने आता राजीनामा देऊन मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी का, हे मला तरी कुणाला सांगवणार नाही.

तरीही खरं सांगायचं तर माझा निर्णय पैशाने झाला नाही आणि सेवेच्या वर्षांनीही नाही. तो झाला कागदपत्रांवरून.

मी एका खासगी कॉलेजात चौकशीला गेलो होतो. कॉलेज ठीक होतं, प्राचार्या मॅडम नीट बोलल्या, लायब्ररी दाखवली. मग ऑफिसात बाबूंनी यादी पुढे केली: दहावी, बारावी, जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, डिप्लोमा, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, टीसी. सगळं ओरिजिनल, जमा करायचं. मी म्हटलं, दाखवून परत नेतो. ते हसले. "दादा, फी पूर्ण भरली की सगळं तुमचंच आहे." मागच्या लोखंडी कपाटाचं दार अर्धं उघडं होतं. आत प्लास्टिकच्या फायलींचे गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड, काही रबरबँड उन्हाळ्यात वितळून फायलीलाच चिकटलेले. वरच्याच फायलीतून कुणाचं तरी लॅमिनेट केलेलं रजिस्ट्रेशन डोकावत होतं, फोटोसकट. मी विचारलं, मधेच एखाद्या दिवसासाठी लागलं तर? "अर्ज करा, डिपॉझिट ठेवा, प्राचार्यांची सही झाली की देऊ." आणि मॅडम सुटीवर असतील तर? यावर त्यांनी चहा मागवला.

बाहेरच्या माणसाला ही क्षुल्लक अडचण वाटेल. कंत्राटी नर्सला वाटणार नाही. आमचा करार वर्षभरही पुरत नाही, पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो, आणि जिल्ह्याला कागदपत्रांची पडताळणी कधी लावतील याचा नेम नसतो. भरतीची जाहिरात निघते तिच्यात ठळक ओळ एकच: मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. थेट मुलाखत सोमवारी असते आणि व्हॉट्सअॅपवर जाहिरात येते शुक्रवारी संध्याकाळी. अशा वेळी तुमचं रजिस्ट्रेशन दुसऱ्याच्या कपाटात असेल तर तुम्ही नर्स आहात हे तुम्हाला माहीत, बाकी कुणाला नाही. दोन वर्षं एकाही भरतीला उभं राहता येणार नाही, ही फी कुठल्याच पत्रकात छापलेली नसते. यूजीसीने २०१८ साली सांगून ठेवलं आहे की संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत. ते मी बाबूंना सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे सर, पण सगळेच ठेवतात." सगळेच ठेवत नसतील. सरकारी कॉलेजात चित्र वेगळं असू शकतं, आणि एखादं खासगी कॉलेजही नियमाने चालणारं सापडेल. तुम्ही गेलात तर फी विचारायच्या आधी हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. लेखी म्हटल्यावर चेहरा कसा होतो त्यावरून पुष्कळ कळतं.

इग्नूच्या प्रवेशात माझे ओरिजिनल माझ्याच फायलीत राहिले. अर्ज ऑनलाइन, स्कॅन करून अपलोड, पडताळणीला मूळ प्रती दाखवायच्या आणि उचलून घरी आणायच्या. शिकत असताना मी दोन ठिकाणी मुलाखतीला उभा राहू शकलो. निवड झाली नाही ती गोष्ट वेगळी.

आता इग्नूच्या नावाने घरबसल्या पदवी असं कुणी समजत असेल तर त्याने इकडे फिरकू नये. बारावीनंतर जीएनएम केलेल्याला रजिस्ट्रेशननंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ब्रदर लोकांनी, म्हणजे पुरुष नर्सनी, आणखी एक पाहून घ्यावं: तुमच्या जीएनएमला मिडवायफरी (बाळंतपणाचा विषय) नव्हती तर तिच्या बदल्यात दुसऱ्या एखाद्या मान्य विषयातलं सहा ते नऊ महिन्यांचं प्रमाणपत्र मागतात. जुन्या बॅचच्या काही मित्रांचं गाडं इथेच अडलं. जागा थोड्या असतात. अभ्यास केंद्र तुमच्या तालुक्याला तर नाहीच, जिल्ह्यालाही मिळेल याची खात्री धरू नका. आपल्या वर्षी कोणतं केंद्र चालू आहे ते नागपूरच्या प्रादेशिक केंद्रात विचारून मगच अर्जात नाव भरावं.

अभ्यास सगळा इंग्रजीत. ज्यांनी गावच्या शाळेत मराठीत शिकून, जीएनएम कसंबसं इंग्रजीत पार पाडलं, त्यांना पहिले काही महिने जड जातात. पुस्तकं ई-ज्ञानकोशवर फुकट मिळतात, प्रवेश घ्यायच्या आधीच दोन प्रकरणं वाचून पाहा. जमतंय असं वाटलं तर पुढे जा. असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात, त्यांना ३० टक्के वजन असतं आणि सत्रांत परीक्षेला ७०. माझ्या बहुतेक असाइनमेंट नाइटला लिहून झाल्या. दोन वाजताचे इंजेक्शन झाले, लेबर रूम शांत आहे, बाहेर नातेवाईक पोर्चमध्ये चादर ओढून पडलेत, अशा वेळी इंजेक्शनच्या ट्रॉलीशेजारी पानं पसरायची. मेंटल हेल्थच्या असाइनमेंटवर एकदा बीटाडीनचा डाग पडला. अख्खं पान पुन्हा लिहिलं. आणि आमची सिस्टर म्हणाली, "काऊन लिहिता, तसंच देऊन टाका, तपासणारेबी नर्सच आहेत ना."

खरा कस लागतो तो प्रात्यक्षिकांच्या वेळी. काही कामं आपल्याच वॉर्डात करून लॉगबुकात सही घेता येतात, पण केंद्रावरची प्रात्यक्षिकं सलग असतात आणि त्यांना दांडी चालत नाही. तेवढ्या दिवसांसाठी सीएल, ऑफ, बदली ड्यूटी असं सगळं जोडून सुटी उभी करावी लागते. तुमची इनचार्ज सिस्टर चांगली नसेल तर इग्नू करू नका, इतकं हे स्पष्ट आहे. मला मिळाल्या त्या चांगल्या होत्या. बदल्यात दिवाळीच्या सगळ्या नाइट माझ्या. प्रवासाचं म्हणाल तर मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा सिस्टर लोकांचं जाणं-येणं अर्ध्यात होतं. ब्रदरांना पूर्ण. पुरुषांनी या क्षेत्रात यावं म्हणून कुणी काही करत नाही ते नाहीच.

ब्रदर म्हणून माझी आणखी एक अडचण होती, मातृत्व परिचर्येची प्रात्यक्षिकं. एएनसी (गरोदरपणाच्या) तपासणीला आलेली बाई ब्रदर दिसला की पदर सावरून सिस्टरकडे बघते, आणि तिचं बरोबरच आहे. हे रेग्युलरलाही सुटत नाही, पण तिथे वीस जणांच्या घोळक्यात तुम्ही एक असता. आपल्या रुग्णालयात ती बाई तुमच्या गावची असते, तिचा दीर तुमच्याबरोबर शाळेत असतो. सिस्टरला सोबत घेऊन, बाईला आधी विचारून काम करावं लागतं. वेळ दुप्पट जातो, असाच धरून चालावं.

किमान तीन वर्षं म्हणतात, पण ती तीनात उरकतातच असं नाही. धानाची कापणी, बहिणीचं लग्न, इलेक्शनची ड्यूटी, एखादी परीक्षा हुकतेच. हातात फोन असल्यामुळे अभ्यास केव्हाही करता येतो, म्हणूनच तो उद्यावर जातो. ज्याला मागे कुणीतरी लागल्याशिवाय काम होत नाही, त्याच्यासाठी रेग्युलरच बरं, हे मी मनापासून सांगतो. काही खासगी हॉस्पिटलं दूरशिक्षण म्हटल्यावर नाक मुरडतात असंही ऐकतो. मला तो अनुभव नाही, मी खासगीत अर्जच केला नाही.

कुणी विचारतं, मग सीएचओचा सहा महिन्यांचा कोर्स का नाही? तोही इग्नूचाच आहे, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जायचं तर चांगला आहे. पण ते प्रमाणपत्र आहे, पदवी नाही. पन्नास खाटांची अट त्याने हटत नाही.

तर कंत्राटावर असाल, रजिस्ट्रेशन होऊन दोन वर्षं झाली असतील, इनचार्ज समजूतदार असेल आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल, तर माझं मत इग्नूकडे झुकतं. बिनपगारी दोन वर्षं घराला झेपत असतील, शिक्षकी पेशात जायचं असेल आणि ओरिजिनल परत देणारं कॉलेज सापडलं, तर रेग्युलर घ्या, मी वाईट म्हणणार नाही.

इग्नूचं ठरलं तर अर्ज निघायची वाट न बघता अनुभव प्रमाणपत्र आजच करून घ्या. रुजू झाल्याची तारीख, पद, करार नवा झाला त्या प्रत्येक वेळची मुदत, आणि "आजतागायत कार्यरत" हे शब्द त्यात हवेत. अधीक्षकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक तिन्ही एकाच कागदावर घ्या. ग्रामीण रुग्णालयात अधीक्षक बदलायला वेळ लागत नाही, आणि नवे साहेब जुन्या काळाची सही द्यायला तयार होत नाहीत.