पॉलिमर डांबरात मिसळायचे ॲरोमॅटिक तेल : वर्षभराचा अनुभव

विदर्भातील महामार्गाच्या कामासाठी लागणारे पॉलिमरयुक्त डांबर आम्ही आमच्याच प्लांटमध्ये तयार करतो आणि गेल्या वर्षभरापासून त्यात एका पुरवठादाराकडून घेतलेले ॲरोमॅटिक तेल (बेंझिनसारखी कडी असलेले रेणू भरपूर असणारे पेट्रोलियम तेल) वापरत आहोत. त्याआधी आमची मोठी अडचण होती ती टाकीत साठवलेल्या डांबराची. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबरात एसबीएस हे रबरासारखे पॉलिमर मिसळून ठेवले की दोन दिवसांत पॉलिमर वर येई आणि खालचे डांबर जवळजवळ साधेच राही.

एसबीएसचे दाणे गरम डांबरातील हलके, ॲरोमॅटिक घटक शोषून फुगतात, आणि असे फुगल्यावरच त्यांचे लवचीक जाळे संपूर्ण डांबरभर पसरते. मूळ डांबरातच हे घटक कमी असतील तर पॉलिमर अर्धवट फुगते. तेल नेमकी हीच उणीव भरून काढते. नळीत डांबर भरून १६३ अंश सेल्सिअसला ४८ तास उभे ठेवायचे आणि मग वरच्या व खालच्या भागाचा सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडण्याचे तापमान) मोजायचा, या चाचणीत ३ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमचे पूर्वीचे मिश्रण येथे वारंवार नापास होत असे. तेल घातल्यापासून एकही बॅच परत फिरवावी लागलेली नाही. पॉलिमर बारीक करून मिसळणाऱ्या मिलमधून डांबर फिरवण्याचा वेळही कमी झाला, हा फायदा मी अपेक्षिलेला नव्हता.

मात्र तेलाच्या मात्रेबाबत पुरवठादाराच्या माहितीपत्रकातील शिफारस मला सैल वाटते. पत्रकात थंडीत भेगा पडत नाहीत यावर भर आहे, पण जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तिथे खरी भीती जड वाहनांच्या चाकांखाली पडणाऱ्या खोल चाकोऱ्यांची असते. आम्ही ४ टक्के तेल घालून पाहिले तेव्हा सॉफ्टनिंग पॉइंट इतका उतरला की तो सावरण्यासाठी जादा पॉलिमर घालावे लागले आणि बचत तिथेच संपली. शेवटी आम्ही २ टक्क्यांवर थांबलो. पेव्हरवर (रस्त्यावर डांबरी थर पसरवणाऱ्या यंत्रावर) माल नेण्याच्या वेळी साइटवर तेल ओतण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण तिथे ना पॉलिमर नीट फुगते ना कोणती चाचणी करता येते.

मधल्या काळात दुसऱ्या एका विक्रेत्याने स्वस्त म्हणून दिलेले तेल पॅराफिनिक, म्हणजे ॲरोमॅटिक घटक कमी असलेले मेणासारख्या घटकांचे, निघाले आणि ते आम्ही परत केले. अशा तेलात डांबरातील ॲस्फाल्टीन हे सर्वांत जड घटक नीट विखुरलेले राहत नाहीत, त्यामुळे डांबर कालांतराने ताठर होते. कॅनडातील ओंटारिओत वापरलेल्या इंजिन ऑइलच्या पुनर्शुद्धीकरणातून उरणारा गाळ डांबरात मिसळला गेला, तेव्हा रस्त्यांना अकाली भेगा पडण्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला होता. आम्ही वापरत असलेल्या तेलाच्या पत्रकातही फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेण्याचे तापमान) आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) आहे, पण ॲरोमॅटिक घटकांचे प्रमाण छापलेले नाही. ते मात्र प्रत्येक ड्रमच्या प्रमाणपत्रावर असायलाच हवे, अशी लेखी मागणी मी पुरवठादाराकडे केली आहे.