लेकीचं तीन आठवड्यांचं निवासी इंजिनिअरिंग-डिझाइन शिबिर: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझी लेक खास मुलींसाठी असलेल्या एका निवासी शिबिराला जाऊन आली. विषय इंजिनिअरिंग आणि प्रॉडक्ट डिझाइन. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. शिबिर मुंबईतच, एका कॉलेजच्या वसतिगृहात. राहणं-जेवण धरून चौतीस हजार रुपये भरले. मी मुलुंडला घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, आमच्यासाठी ही रक्कम म्हणजे गणपती ते दिवाळीची सगळी शिलाई. शिबिर संपल्यावर लगेच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता यंदाचे फॉर्म निघालेत आणि ओळखीच्या आया विचारतायत, तर सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा हात बसवण्यात गेला. सोल्डरिंग (म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन तारा जोडणं), व्हर्निअरने बारीक माप घेणं, पुठ्ठ्याचे नमुने, आर्डुइनो नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डचं बेसिक प्रोग्रॅमिंग, थ्रीडी प्रिंटर. शाळेतल्या रोबोटिक्सच्या तासाला गटात पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर कायम मुलांच्या हातात असायचा, हिच्याकडे जर्नल लिहायचं आणि चार्ट रंगवायचं काम. इथे चौघींच्या गटात चौघी मुलीच, त्यामुळे डाग द्यायचा तर तिनंच द्यायचा. दुसऱ्याच दिवशी बोट भाजलं. तिसऱ्या दिवशी तिचा डाग असा चकचकीत बसला की तिनं त्याचा फोटो मला पाठवला. नऊ महिन्यांत तिच्या हाताचा तो धीटपणा गेलेला नाही. घरातली इस्त्री हल्ली तीच उघडते.

पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्या आठवड्यात. प्रत्येक गटाला आपल्या ओळखीच्या घरातली एक खरी अडचण निवडायला सांगितलं होतं. माझी आई काळाचौकीला चाळीत राहते, दहा बाय बाराची खोली, आत मोरी, मोरीत पाण्याचं पिंप. पाणी पहाटे येतं. मुलींनी वसतिगृहात बसूनच ठरवून टाकलं, की पिंप भरून वाहत असणार आणि आजीची धांदल उडत असणार. म्हणून झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. तो आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा हिशोब सोपा. पिंप भरत आलं की बझर वाजणार. तीन दिवस खपून चौघींनी ते चालू केलं.

मग शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, आजीकडे जाऊन या, आणि ज्या वेळी पाणी येतं त्याच वेळी बघा. पालकांच्या सह्या घेऊन शनिवारी रात्री चौघी माझ्या आईकडे झोपल्या. आई पावणेचारला उठली, नळ उघडा टाकला आणि मोरीशी पाट घेऊन बसली. पाणी आलं चार चाळीसला. आदल्या दिवशी चार वीसला आलं होतं, म्हणाली. लेकीनं विचारलं, "आजी, पिंप भरून वाहतं ना गं?" आई म्हणाली, "बाय, पिंप भरत आलं की त्याचा आवाजच बदलतो, ते मला कळतं. पाणी येणार कधी ते कुठं कळतं? त्यापायी तर मी चारपासून बसून असते."

तीन दिवसांचं काम मोडीत. त्या संध्याकाळी फोनवर लेक रडली. मी तिला एवढंच म्हटलं, की गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापलं तर आणखी काय होणार. ताईंनी मात्र वर्गात हाच किस्सा सगळ्या गटांना समजावून सांगितला. पुठ्ठ्याचा नमुना कशासाठी करायचा, हे त्या सांगत होत्या तेव्हा लेक म्हणाली म्हणे, "आमची आई पक्क्या शिलाईआधी कच्चा टाका घालते, तसंच." हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

नवीन यंत्र अगदी साधं झालं. नळाखाली छोटी वाटी, वाटीत दोन तारा. पाणी पडलं की दोन तारांमधून थोडासा करंट जातो आणि बझर वाजतो. शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनात ते छान चाललं. आईच्या घरी नाही. बझर वाजला, चौघी दचकून उठल्या, आई शांत झोपलेली. वय झालं की उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात आणि हे छोटे बझर दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास किरकिरतात. पिंपाचा जाड आवाज तिला येतो, हा येत नाही.

इथून पुढचं सगळं शिबिर संपल्यावरचं. किट त्यांनी परत घेतलं होतं, त्यामुळे आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला जाऊन छोटा बोर्ड, ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा बारीक भाग) आणि मोबाइलमध्ये असते तसली थरथरणारी मोटर घेऊन आलो. मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडायची नाही हे तिला पक्कं माहीत होतं, कारण पिनवर २० मिलिअँपिअरच्या आसपास भार ठेवायचा असतो आणि मोटर त्याच्या कितीतरी पट मागते. मी खणाच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवली, मोटर तिच्यात घातली, ती आईच्या उशीखाली. आई पहिल्याच दिवशी उठली.

मग एकेक दुखणी निघाली. ९ व्होल्टची बॅटरी एका रात्रीत बसायची, म्हणून जुना मोबाइल चार्जर लावला. पावसाळ्यात वाटीतल्या तांब्याच्या तारांवर हिरवट थर आला आणि एके दिवशी आईला पाणी चुकलं, त्या दिवशी शेजारून दोन कळश्या आणाव्या लागल्या. सतत करंट सोडला की पाण्यात धातू झिजतो, हे लेकीनं शोधून काढलं. आता तारांच्या जागी लोहार चाळीतून आणलेले स्टीलचे स्क्रू आहेत आणि बोर्ड दर पाच सेकंदांनी क्षणभरच करंट सोडून बघतो. सप्टेंबरपासून बिघाड नाही.

तक्रारीही आहेत, आणि त्या मी आयोजकांना कळवल्या आहेत. वर्षभर दर महिन्याला ऑनलाइन मार्गदर्शन मिळेल असं सांगितलं होतं, दोन बैठकांनंतर ते बंद पडलं. तारांचा घोळ झाला तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. दुसरी तक्रार मला जास्त लागली. सादरीकरण इंग्रजीतच करायची सक्ती होती. लेकीच्या गटातली एक मराठी माध्यमातली मुलगी, वायरिंग तिचंच सगळ्यात नेटकं, पण परीक्षकांसमोर ती दोन वाक्यं बोलून गप्प झाली आणि शाबासकी दुसऱ्यांना मिळाली. मुंबईत मराठीत बोलायची मुभा द्यायला काय हरकत होती? फी माफीच्या जागाही मोजक्याच होत्या. जेवण ठीक. फोन रात्री आठ ते साडेआठ एवढाच, पण सुरक्षेचं चोख होतं, त्याबद्दल शंका नको.

सगळे बाबा विचारतात, जेईईला उपयोग होतो का? नाही होत. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी वाढीव जागा आहेत, १४ टक्क्यांपासून सुरुवात करून २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेल्या, पण त्यासाठी अभ्यास वेगळाच करावा लागतो. आम्हाला वेगळीच माहिती मिळाली. वस्तू डिझाइन करण्याची पदवी असते हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. पवईला आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे, बी.डिझाइनसाठी यूसीड नावाची परीक्षा असते आणि ती बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. लेक अकरावी सायन्सला आहे, पण रोज रात्री अर्धा तास स्केचिंग करते.

मुलगी स्वतःहून जायला तयार असेल तरच पाठवा, आणि शिबिरानंतर सामानासाठी दीड-दोन हजार बाजूला ठेवा. ते नसते तर आमचं यंत्र प्रदर्शनाच्या टेबलावरच संपलं असतं. गेल्या आठवड्यात आईच्या शेजारच्या काकूंनी आपल्यालाही एक करून मागितलं. लेक रविवारी पहाटे त्यांच्या मोरीत बसून आली. त्यांचा नळ उंचावर आहे, वाटी चालणार नाही. सध्या आमच्या शिलाई मशीनवर पुठ्ठ्याचे तुकडे पसरलेत.