जंगली महाराज रस्ता, पुणे: पायी चालायला झकास, सायकलला अडखळत

संभाजी उद्यानालगतचा पदपथ चालणाऱ्यांसाठी पुण्यातल्या उत्तम जागांपैकी एक. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या निकषानुसार पदपथाला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी लागते. इथे दोघं गप्पा मारत चालले तरी समोरच्याला वाट उरते. जुनी झाडं राखली आहेत. बाकं असल्याने ज्येष्ठ टेकत-टेकत लांबवर जातात, हे सगळ्यात मोलाचं.

गोची सायकल मार्गाची. तो पदपथाला चिकटून असल्याने लोक सरळ त्यावरून चालतात. खांबांनी मोटारी अडतात, दुचाक्या नाहीत: चाकाच्या खुर्चीसाठी 90 सेंटीमीटरची फट सोडली की स्कूटरही आरामात आत! तिथे दंडच हवा. सायकल चालवायची तर दुकानं उघडण्याआधी या.