हेफा की एटीजे? आगीच्या बाजूने पाहिलं तर

विमानतळावरच्या साठ्यासाठी पर्यायी विमान इंधन म्हणून, एकदा वापरून झालेल्या खाद्यतेलापासूनचं हेफा घ्यावं की अल्कोहोलपासूनचं एटीजे, हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: लवकर कुठलं पेटतं? मग सगळे फ्लॅश पॉइंटचा, म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याचा, आकडा शोधतात. तिथे निवडण्यासारखं काही नाही. ही दोन्ही काय किंवा नेहमीचं पेट्रोलियमचं विमान इंधन, एटीएफ, काय, किमान मर्यादा एकच, 38 अंश. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 गाठतो, तेव्हा उन्हात उभ्या टँकरमध्ये या मर्यादेच्या जवळपासचं कुठलंही इंधन पेटण्याजोगी वाफ धरून असतं.

एटीजे म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे साखर कारखान्याची डिस्टिलरी येते. पण अल्कोहोल फक्त कच्चा माल; तयार इंधनात निव्वळ हायड्रोकार्बन असतात. त्यामुळे इथेनॉलच्या आगीला लागणारा खास फोम इथे लागत नाही.

फरक पडतो तो ठिणगीविना, नुसत्या उष्णतेने पेट घेण्यात. सीटेन आकडा जितका मोठा, तितकं इंधन असं लवकर पेटतं; हेफाचा तो 50 च्या पुढे. आयसोब्युटेनॉलपासून केलेल्या एटीजेचे रेणू फांद्याफांद्यांचे, त्यामुळे तो 20 च्याही खाली. म्हणजे एटीजे पेटायला जास्त आडमुठं. मात्र ठिणगी पडली की हा आडमुठेपणा कामाला येत नाही, म्हणून त्यासाठी जादा पैसे मी तरी मोजणार नाही.

मला धास्ती वाटते ती ओ-रिंगची, म्हणजे जोडांमधून गळती रोखणाऱ्या गोल रबरी रिंगची. पेट्रोलियम एटीएफमधली अ‍ॅरोमॅटिक संयुगं नायट्राइल रबर फुगवून ठेवतात. शुद्ध हेफा आणि एटीजेमध्ये ती नसल्यातच जमा, फार तर 0.5 टक्के. वर्षानुवर्षं एटीएफमध्ये भिजलेली रिंग अशा इंधनात आक्रसते, आणि कालपर्यंत कोरड्या असलेल्या जोडाखाली ओला डाग दिसू लागतो. म्हणूनच एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी7566 मानकात एटीएफमध्ये यांपैकी कुठलंही मिसळण्याचं प्रमाण 50 टक्क्यांवर अडवलंय आणि मिश्रणात किमान 8 टक्के अ‍ॅरोमॅटिक मागितलेत.

शुद्ध इंधनात वीजवाहकताही नगण्य. पंपिंग करताना साठलेला स्थिर विद्युतभार लवकर उतरत नाही, आणि त्याचीच ठिणगी पडू शकते.

तेव्हा तयार मिश्रण येणार असेल तर भाव आणि पुरवठा पाहून कुठलंही घ्या. शुद्ध माल आणून स्वतः मिसळणार असाल, तर हेफा-एटीजेचा वाद बाजूला ठेवून आधी नायट्राइलच्या जागी फ्लोरोकार्बन रबराच्या रिंगा बसवा, आणि अँटिस्टॅटिक (हा भार उतरवायला मदत करणारं रसायन) घातलेल्या मिश्रणाची वीजवाहकता 50 ते 600 पिकोसीमेन्स प्रति मीटरमध्ये आहे ना, ते मीटर लावून बघा.