बॅश, पॉवरशेल का पायथन? ऑडिओ कन्व्हर्टची एकच स्क्रिप्ट तिन्ही ओएसवर (विंडोज, मॅक, लिनक्स) चालवायची असेल तर

आमच्या ग्रुपात जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग चालू आहे. दिंडोरीकडून फायली येतात विंडोज लॅपटॉपवरून, कॉलेज रोडला एडिटिंग मॅकवर आणि सगळं साठवतो उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार), त्यामुळे एमफोरए, एएमआर कुठल्याही प्रकारची ऑडिओ फाइल आली तरी एमपीथ्री करून देणारी एकच स्क्रिप्ट तिन्हीकडे चालायला पाहिजे. तुमचंही असंच असेल तर हे वाचा.

कन्व्हर्टचं खरं काम एफएफएमपेग हा प्रोग्रामच करतो आणि त्याची कमांड तिन्हीकडे सेम असते. विंडोजवर विंगेट, मॅकवर होमब्रू, उबुंटूवर एपीटी या इन्स्टॉल करणाऱ्या टूल्सनी एका ओळीत इन्स्टॉल होतं. फरक पडतो तो त्याच्याभोवतीच्या स्क्रिप्टमुळे, म्हणजे ती बॅश, पॉवरशेल का पायथन कशात लिहिली त्यामुळे.

बॅश लिनक्सवर मस्तच, दहा ओळीत काम होतं. मॅकवर मात्र अजून बॅशची २००६ ची ३.२ आवृत्ती येते आणि २०१९ पासून डिफॉल्ट शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) झेडएसएच आहे, म्हणजे मॅपफाइल, ग्लोबस्टार असलं बॅश ४ मधलं काही वापरलं की ते तिथे चालत नाही. विंडोजवर बॅश चालवायला डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश वेगळं टाकावं लागतं, वर नोटपॅडमधून सेव्ह केली की ओळीच्या शेवटी सीआरएलएफ हे विंडोजचं जास्तीचं चिन्ह येतं आणि बॅश अडतं. अजून एक, यादीतलं एकेक फाइलनाव वाचणाऱ्या व्हाइल रीड लूपमध्ये एफएफएमपेग असेल तर नोएसटीडीइन पर्याय द्याच, नाहीतर ते यादीतली पुढची नावंच इनपुट म्हणून खाऊन टाकतं.

पॉवरशेल फक्त विंडोजवाल्यांसाठी ठीक, ५.१ आधीपासूनच असतं. मॅक-लिनक्सवर ७ वेगळं टाकावं लागतं, आणि एका प्रोग्रामचा ऑडिओ थेट दुसऱ्यात पाठवायचा (पाइप करायचा) असेल तर ७.४ च्या आधी बाइट्स बिघडतात.

माझं मत पायथनला, आणि मुख्य कारण मराठी फाइलनावं. दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेसला कमांड लिस्ट म्हणून दिली की नावातल्या स्पेस, अवतरणचिन्हांची कटकटच राहत नाही, फोल्डरच्या पत्त्यातल्या स्लॅशचं पाथलिब बघून घेतं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'दुसऱ्या' मधला ऱ, तो युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही, दिसायला दोन्ही अगदी सारखे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नावं तोडून दुसऱ्या पद्धतीने ठेवतात, मग तीच फाइल उबुंटूवर आली की स्क्रिप्टला वाटतं ही नवीनच आहे, परत कन्व्हर्ट होते आणि फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली दिसायला लागतात, आजीबाईंची कुठली ओवी कुठल्या फाइलमध्ये हे मग कोण शोधणार? पायथनमध्ये युनिकोडडेटा वापरून नाव एनएफसी, म्हणजे एकाच जोडलेल्या रूपात, करून घेतलं की विषय संपला, बॅशमध्ये असली सोय आतून नाहीच.

पायथनमध्येही एक काळजी घ्याच, लॉग (झालेल्या कामाची नोंद ठेवणारी फाइल) उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, विंडोजवर डिफॉल्ट बऱ्याचदा वेगळं असतं आणि देवनागरी नाव लिहिताना एरर येतो. तसंच नावातला कोलन काढून टाका, '१०:३०' असलेलं नाव विंडोज घेतच नाही.

सगळे लिनक्सवर असाल तर बॅशच ठेवा, उगाच बदलू नका. मिश्र मशीन असतील तर पायथन घ्या, आणि गावाकडच्या पोरांना स्क्रिप्ट देण्याआधी 'दुसऱ्या दिवशीच्या ओव्या' अशा स्पेसवाल्या नावाची एक फाइल तिन्ही मशीनवर दोनदा चालवून बघा, दुसऱ्यांदा स्क्रिप्टने ती आधीच झालेली फाइल सोडून दिली पाहिजे.