जुन्या हाफ ९३२ कॅबिनेटमध्ये कस्टम वॉटर कूलिंग : एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

प्रोसेसर थंड करायचाय म्हणून कस्टम लूप (सुटे पंप, नळ्या आणि रेडिएटर स्वतः जोडून पाणी फिरवायची व्यवस्था, रेडिएटर म्हणजे पाण्याची उष्णता हवेत सोडणारी जाळी) करणार असाल तर करू नका, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. ग्राफिक्स कार्डासाठी आणि आवाजासाठी करणार असाल तर मात्र बोलू.

कॅबिनेट कूलर मास्टरचं हाफ ९३२, २००८ च्या सुमाराचं मॉडेल, मित्राच्या ऑफिसच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं. जाड पत्रा, रिकामंच तेरा किलोच्या आसपास, आणि पुढे, वर, बाजूला ताटाएवढे २३० मिलिमीटरचे फॅन. हल्लीची काचेची कॅबिनेटं दिसायला भारी पण हवा कुठून घेतात देव जाणे, त्यापेक्षा हे बरं वाटलं. शिवाय वरचा मोठा फॅन काढला की तिथेच १२० चे तीन फॅन बसायची सोय कंपनीनेच करून ठेवलीय, म्हणजे ३६० चा रेडिएटर पत्रा न कापता बसतो. मूळ मॉडेल आतून बिनरंगाचं, नुसता पत्र्याचा राखाडी, त्यामुळे पावडर कोटिंग करून घेतलं. हे कोटिंग सगळं कापाकापीचं काम झाल्यावरच करायचं, नाहीतर कडांना गंज धरतो.

कापाकापी पुढच्या बाजूला केली. हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेटने बसवलेला असतो, रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली की निघतो. पण २४० चा रेडिएटर टाक्यांसकट बराच लांब असतो, म्हणून डीव्हीडीवाले खालचे दोन खणही ग्राइंडरने उडवावे लागले. भोसरीला ज्या काकांकडे हे केलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो पण विजेच्या वस्तूत पानी कशापायी घालताय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. कापलेल्या कडांना कानस मारून रबराची यू बीडिंग लावा, नाहीतर ट्यूब घासून घासून एक दिवस फाटते. आणि पत्र्याचा कीस चुंबकाने नीट गोळा करा, मदरबोर्डवर एक कण पडला तरी पुरे.

आत प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स आणि सेकंडहँड घेतलेलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०. डी५ जातीचा पंप रिझर्व्हॉयरसकट (म्हणजे पाण्याच्या टाकीसकट), दोन रेडिएटर, दोन ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी जाणारे धातूचे ठोकळे), फिटिंग्ज म्हणजे नळ्यांचे जोड सगळे जी वन-फोर या मापाच्या आट्यांचे. एकूण चाळीसेक हजार गेले, आणि त्यातला खिसा कापणारा भाग म्हणजे फिटिंग्ज, एक एक पितळी तुकडा जोडत जाताना कळत नाही, शेवटी बिल बघून कळतं. स्वस्तात मिळतात म्हणून ॲल्युमिनियमचे रेडिएटर घेऊ नका, ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला की त्याच पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम गळायला लागतं. पाण्याचंही तसंच, पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी बऱ्याचदा नुसतं डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) असतं, डिस्टिल्ड नसतं, लेबल वाचून घ्या आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध टाकाच. आरओचं पाणी तर विसराच.

आता आकडे. ५८००एक्सची उष्णता एका छोट्याशा चिपलेटमधून (चिपच्या तुकड्यातून) बाहेर पडते, बोर्ड त्याला १४२ वॉटपर्यंत देतो आणि ९० डिग्री ही त्याची मर्यादा. चांगल्या टॉवर कूलरवर (हवेवर चालणाऱ्या उभ्या कूलरवर) फुल लोडला ८६-८७ यायचं, आता मे महिन्यात ८३-८४. बास. उष्णता त्या चिमुकल्या तुकड्यातून वरच्या झाकणापर्यंत येतानाच अडकते, पुढे हवा आहे की पाणी याने फार फरक पडत नाही. ग्राफिक्स कार्डाचं मात्र उलट, ३२० वॉट ओकणारी मोठी चिप, तिथे ब्लॉक थेट चिपवर बसतो. पूर्वी ७८ आणि फॅनचा बोंबलता आवाज, आता मे महिन्यात खोली ३५ असताना पाणी ४६ आणि कार्ड ६०, डिसेंबरात तर ४७ च्या वर गेलं नाही. त्या कार्डाची मेमरी शंभरी ओलांडायची ती आता ८० च्या आत असते, माझ्या मते खरी कमाई ही.

पाणी आधी प्रोसेसरला न्यावं की कार्डाला यावर लोक तासन्तास भांडतात. साधा हिशेब आहे, मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल आणि ४५० वॉट उष्णता असेल तर एका फेरीत पाणी जेमतेम दोन डिग्रीने तापतं, त्यामुळे ट्यूब जिथून सोपी जाईल तिथून न्या, फक्त रिझर्व्हॉयर पंपाच्या लगेच आधी पाहिजे. पावसाळ्यात आत दव धरेल का असंही दोघातिघांनी विचारलं, नाही धरत, कारण या पद्धतीत पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सगळ्यात स्वस्त होती, पाण्यात बसवायचा १० के (१० किलोओहम) चा तापमान सेन्सर. मदरबोर्डवर त्याचं दोन पिनांचं हेडर (वायर जोडायची जागा) असेल तर फॅन प्रोसेसरच्या नाही तर पाण्याच्या तापमानावर चालवता येतात, आणि ब्राउझर उघडला की घूं करून फॅन वर जायचं ते कायमचं बंद झालं. पाणी हळू तापतं हळू निवतं, फॅनही तसेच हळूहळू चालतात. रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपतो.

त्रास काय तर पहिली पारदर्शक ट्यूब चारपाच महिन्यांत दुधी झाली, पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर (ट्यूब मऊ ठेवणारं रसायन) उतरतं, आणि थोडा चिकट थर प्रोसेसर ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसला होता. सगळं खोलून जुन्या टूथब्रशने साफ केलं आणि काळी ईपीडीएम रबराची ट्यूब टाकली, दिसायला बागेतल्या पाइपची भावकी पण तेव्हापासून पाणी स्वच्छ आहे. त्या दिवशी तळाला बसवलेला ड्रेन वाल्व इतका कामी आला की तो नसेल तर लूप करूच नका असं म्हणेन. भरताना आधी हवेच्या पंपाने अर्धा बार प्रेशर देऊन पंधरा मिनिटं काटा हलतो का बघा, तो पाच-सहाशेचा पंप कार्ड वाचवतो. या कॅबिनेटला धुळीचे फिल्टर मुळातच नाहीत, आमच्याकडे समोर रस्त्याचं काम चालू आहे, मी पुढे डासांच्या जाळीचं कापड चुंबकपट्टीने लावलंय आणि दर पंधरवड्याला झटकतो. वजन मात्र आता एकट्याला उचलत नाही, टेबलाखालून बाहेर काढायचं तर भावाला हाक मारावी लागते. पुढचे यूएसबी पोर्ट अजून २.० चेच आहेत, डीव्हीडीच्या उरलेल्या खणात बसणारं ३.० चं पॅनल मागवलंय.