ठोके परत आले, प्रेशर टिकत नाही: बलून पंप, इम्पेला की एक्मो?

"ठोके परत आलेत, पण प्रेशर टिकत नाहीये. आधाराचं यंत्र लावायचं का, लवकर सांगा." आयसीयूच्या दाराशी हे ऐकावं लागतं त्या माणसासाठी हे लिहितोय. घरचं माणूस कोसळलं, छाती दाबून आणि विजेचा शॉक देऊन हृदय पुन्हा सुरू केलं, आता ते व्हेंटिलेटरवर आहे, प्रेशरची औषधं वाढत चालली आहेत, आणि डॉक्टर तीन अनोळखी नावं घेतात. मी याच विभागात काम करतो. नातेवाईकांच्या हातात कसाबसा अर्धा तास असतो आणि त्यात डिपॉझिटची धावपळही असते. तेव्हा शांतपणे वाचायचं ते आजच वाचून ठेवलेलं बरं.

खरं तर पर्याय तीन नाहीत, चार आहेत. चौथा म्हणजे यंत्र न लावता औषधांवर थांबणं. बंद पडून सुरू झालेलं हृदय काही काळ बधिर झाल्यासारखं वागतं. इकोमध्ये पंपिंग घाबरवण्याइतकं कमी दिसतं, आणि बऱ्याच रुग्णांत ते दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतं. तोवर नॉरअॅड्रेनलिन, डोब्युटामिन ही प्रेशर आणि पंपिंग सांभाळणारी औषधं, व्हेंटिलेटर आणि ताप चढू न देणं एवढ्यावर निभावतं. हार्ट अटॅकमुळे हे झालं असेल तर बंद धमनी अँजिओप्लास्टीने उघडणं हा खरा उपचार. यंत्र धमनी उघडत नाही आणि मेलेला स्नायू जिवंत करत नाही. हृदय सावरेपर्यंत बाकीच्या अवयवांना रक्त पोचवत राहायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे औषध थोड्या मात्रेत पुरत असेल, लघवी होत असेल, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारा पदार्थ) उतरत असेल, तर "थांबून बघू" म्हणणारा डॉक्टर हयगय करत नसतो.

बलून पंप सगळ्यांत जुना. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो रुग्णावर पहिल्यांदा यशस्वीपणे वापरला. जांघेतल्या धमनीतून अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी वर सरकवतात. टोकाचा लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत राहतो आणि प्रत्येक ठोक्याला हेलियम वायूने फुगतो-मिटतो. हृदय सैल पडतं तेव्हा फुगा फुगून हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रक्त ढकलतो. हृदय आकसायच्या क्षणी तो मिटतो आणि पुढचा अडथळा हलका करतो. मदत मिनिटाला अर्धा लिटर, फार तर थोडी जास्त. हृदय स्वतः बऱ्यापैकी चालत असेल तरच तिचा उपयोग.

इम्पेला हा बारीक नळीवर बसवलेला चिमुकला पंप. तोही जांघेतूनच जातो, पण महाधमनीची झडप ओलांडून थेट डाव्या कप्प्यात बसतो, तिथलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. त्याचा सीपी हा प्रकार मिनिटाला साडेतीन लिटरपर्यंत, कधी त्याहून थोडं जास्त रक्त पुढे टाकतो. डाव्या कप्प्यावरचा भार खरोखर कमी होतो, ही त्याची मोठी बाजू. मात्र रक्तात ऑक्सिजन घालणं त्याच्या आवाक्यात नाही, आणि उजवी बाजू कमकुवत असेल तर ओढायला डावीकडे रक्तच येत नाही. कप्प्यात गुठळी असेल किंवा महाधमनीची झडप कृत्रिम, धातूची असेल तर तो लावता येत नाही. पंपात तांबड्या पेशी फुटून लघवी गडद होऊ शकते. ती दिसली तर डॉक्टर नळीची जागा इकोवर पुन्हा तपासतात.

एक्मोचा आवाका सगळ्यांत मोठा, आणि जोखीमही. जाड नळीने शिरेतलं काळपट रक्त बाहेर घेतात, पंपातून आणि कृत्रिम फुप्फुसातून फिरवतात, आणि लाल झालेलं रक्त दुसऱ्या नळीने धमनीत परत सोडतात. मिनिटाला चार-पाच लिटर. हृदयाच्या दोन्ही बाजू आणि फुप्फुसं एकदम थकलेली असतील तर रक्त आणि ऑक्सिजन दोन्ही देणारं या तिघांतलं हे एकच यंत्र. रक्त बाहेरून जात असल्यामुळे शरीराचं तापमानही नेमकं राखता येतं, आणि मेंदूला इजा झालेली असण्याची शक्यता असते तेव्हा हे महत्त्वाचं. पण परत येणारं रक्त जांघेतून वर, हृदयाच्या दिशेने जातं, म्हणजे थकलेल्या डाव्या कप्प्याला त्या प्रवाहाविरुद्ध ढकलावं लागतं. कप्पा फुगतो, फुप्फुसात पाणी साठतं. म्हणून काही ठिकाणी एक्मोसोबत इम्पेलाही लावतात, मग धोके आणि खर्च दोन्हींचे. दुसरी अडचण अशी की हृदय सावरू लागलं आणि फुप्फुसं अजून खराब असली, तर मेंदूकडे हृदयाने ढकललेलं कमी ऑक्सिजनचं रक्त जातं आणि पायाकडे यंत्राचं लालभडक. हे लवकर कळावं म्हणून रक्ताचा नमुना उजव्या मनगटातून घेतात. नर्स सारखं उजव्याच हाताला का टोचतेय, असं वाटलं तर कारण हे आहे.

आता पुरावा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण "नवं आणि महाग यंत्र म्हणजे जास्त आशा" हा समज मी रोज बघतो.

बलून पंपाची मोठी चाचणी जर्मनीत झाली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलत नसल्यामुळे प्रेशर पडलेले, ६०० रुग्ण, त्यातले सुमारे ४५ टक्के आधी हृदय बंद पडून वाचवलेले. ३० दिवसांत मृत्यू बलूनसह ३९.७ टक्के, बलूनशिवाय ४१.३ टक्के. म्हणजे फरक नाही. एक्मोची मोठी चाचणी २०२३ ची. ४१७ रुग्णांचा हिशोब, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक हृदय बंद पडून सुरू झालेले, म्हणजे नेमके आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते. ३० दिवसांत मृत्यू एक्मोसह ४७.८, एक्मोशिवाय ४९ टक्के. मध्यम किंवा मोठा रक्तस्राव मात्र २३.४ विरुद्ध ९.६ टक्के. पायाच्या रक्तवाहिनीवर उपचार करावे लागण्याचं प्रमाण ११ विरुद्ध ३.८ टक्के.

इम्पेलाची कहाणी दोन टप्प्यांची. नेदरलँड्समधून निघालेल्या एका छोट्या चाचणीत ४८ रुग्ण होते, ९२ टक्के हृदय बंद पडून वाचवलेले, सगळे व्हेंटिलेटरवर. सहा महिन्यांत इम्पेला गटात निम्मे गेले, बलून गटातही निम्मे. मृत्यूंचं मोठं कारण हृदय नव्हतं, मेंदूची इजा होती. मग २०२४ मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेली डेंजर शॉक ही चाचणी आली. ३५५ रुग्ण, १८० दिवसांत मृत्यू इम्पेलासह ४५.८, त्याशिवाय ५८.५ टक्के. शॉकच्या यंत्रांमध्ये असा स्पष्ट फायदा मोठ्या चाचणीत पहिल्यांदाच दिसला. आज इम्पेलाचा सल्ला देताना डॉक्टर बहुधा हीच चाचणी डोक्यात धरून बोलत असतात. पण रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडून वाचलेले आणि बेशुद्धच राहिलेले रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. किडनीला डायलिसिस लागण्याचं प्रमाणही इम्पेला गटात ४१.९ टक्के होतं, दुसऱ्या गटात २६.७.

२०२४ मध्येच नऊ चाचण्यांतल्या १,०५९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सगळ्यांना मिळून यंत्रांचा फायदा सिद्ध झाला नाही. मोठा हार्ट अटॅक, त्यातून शॉक, आणि मेंदूला ऑक्सिजन तुटल्याचा धोका नाही, अशा गटात मात्र मृत्यू कमी झाले.

माझं मत इथेच ठरतं. तिन्ही यंत्रांची तुलना करण्याआधी मेंदूचं विचारा. ठोके परत आल्यावर रुग्णाने डोळे उघडले का, सांगितल्यावर हात दाबला का? दाबला असेल, अटॅक मोठा असेल, डावी बाजूच पडली असेल आणि फुप्फुसं ठीक असतील, तर पैशांची ओढाताण सोसूनही इम्पेलाचा विचार करावा असं मी नातेवाईकांना सांगतो. शुद्धीवर आहे, पण दोन्ही बाजू गेल्या आहेत, किंवा ऑक्सिजनही टिकत नाही, किंवा हृदयाची लय पुन्हा पुन्हा बिघडतेय, तर एक्मो, आणि तोही रोज एक्मो हाताळणाऱ्या केंद्रातच. बलून पंप प्रत्येकाला लावण्यात अर्थ नाही. अटॅकने झडपेचा आधार तुटून रक्त मागे वाहत असेल आणि ऑपरेशनपर्यंत वेळ काढायचा असेल, तर तो अजूनही कामाचा आहे.

आणि बेशुद्ध असेल तर? मग उत्तर सोपं नाही, आणि सोपं करून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पहिल्या रात्री मेंदूचं भविष्य कोणालाच सांगता येत नाही. किमान ७२ तास जाऊ देऊन, झोपेची औषधं उतरल्यावर, डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख), स्कॅन असं सगळं मिळून अंदाज करायचा असतो. म्हणून बेशुद्ध आहे एवढ्यावरून आशा सोडायची नसते, आणि तेवढ्यासाठी सगळ्यांत मोठं यंत्र लावायचीही घाई नसते. अशा वेळी माझा कल औषधं, धमनी उघडणं आणि तापमान सांभाळणं याकडे असतो. तरुण रुग्ण, छाती दाबायला लगेच सुरुवात झालेली, हृदयाची पहिली लय विजेचा शॉक देण्याजोगी, आणि औषधं पुरत नाहीत, असं असेल तर यंत्राकडे वळतो.

रक्तस्रावाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे विशेष लागू आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग मोठ्या शहरात पाठवलेले रुग्ण पुष्कळ असतात. छाती दाबताना बरगड्या मोडलेल्या असतात. त्यावर यंत्रासाठी रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, की छातीत, पोटात, जांघेत रक्त साठायला वेळ लागत नाही. ते इंजेक्शन कधी दिलं हे आधीच्या दवाखान्याच्या कागदावर नसेल तर फोन करून विचारा. नळी घातलेल्या पायाकडेही लक्ष राहू द्या. तो गार किंवा निळसर दिसला तर लगेच नर्सला सांगा. एक्मोत त्या पायासाठी वेगळी छोटी नळी टाकली आहे का, हे विचारायला संकोच नको.

खर्चाचा क्रम ठरलेला आहे. बलून पंप तुलनेने स्वस्त आणि जास्त ठिकाणी मिळतो. इम्पेला आयात होतो, एकदाच वापरायचा असतो, त्यामुळे मोठी रक्कम सुरुवातीलाच लागते. एक्मोचा खर्च रोज वाढत जातो. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सही करण्याआधी विचारा. डॉक्टरांना विचारा की किती दिवसांनी आढावा घेणार, आणि हृदय सावरलं नाही तर पुढे काय: प्रत्यारोपण, कायमचा पंप, की यंत्र काढणं? हे संभाषण यंत्र लागल्यावर फार जड जातं.

या सगळ्यात आम्हाला जे ठाऊक नसतं ते तुमच्याकडे असतं. माणूस कोसळलं तेव्हा जवळ कोण होतं, छाती दाबायला किती मिनिटांनी सुरुवात झाली, ती कोणी केली, मध्ये थांबली का? मेंदूचा अंदाज आणि यंत्राचा निर्णय याच मिनिटांवर उभा असतो. दाराशी बोलावतील तेव्हा हेच आधी सांगा.